दोघांचं जामखेड

लग्न करताना दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवली आणि पुढची चाळीस वर्षं तीच केली. डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याबद्दल डॉक्टर म्हणून पुष्कळ लिहिलं गेलंय. आज त्यांच्याकडे जरा ‘नवरा’ म्हणून बघूया.

लग्न ठरलं, की पहिल्या चार-पाच भेटींत आपण काय बोलतो? पुण्यात राहायचं की मुंबईत. फ्लॅट आत्ताच घ्यायचा की अजून दोन वर्षं थांबायचं. तुझं ऑनसाइट आलं तर माझ्या नोकरीचं काय. आई-बाबा आपल्याकडे येणार की गावीच राहणार. कॉफीचे दोन कप संपेपर्यंत निम्मं आयुष्य एक्सेल शीटमध्ये बसवून झालेलं असतं. यात चूक काही नाही बरं का! संसार करायचा तर प्लॅनिंग हवंच.

१९६० साली दोन तरुण डॉक्टरांनीही असंच प्लॅनिंग केलं होतं. फक्त त्यांच्या शीटमध्ये रकाना एकच होता. लग्न करतानाच त्यांनी ठरवून टाकलं, की खेड्यात जायचं आणि ज्यांना कुणी विचारत नाही अशा माणसांसाठी काम करायचं. दोघांनी, एकत्र.

अशा शपथा लग्नाच्या दिवशी बरेच जण घेतात. पाचव्या वर्षी त्या आठवतातही. पंचविसाव्या वर्षी त्या पाळताना दिसणारी जोडपी मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे त्यातलं एक. आणि त्यांचा पत्ता होता जामखेड, जिल्हा अहमदनगर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण बोलताना आपण अजून ‘नगर’च म्हणतो.

पहिला नंबर तिचा

मेबल इमॅन्युएल जबलपूरला जन्मलेल्या. वडील प्राध्यापक, घरात पुस्तकं आणि इंग्रजी वातावरण. रजनीकांत, म्हणजे सगळ्यांचे ‘राज’, नगर जिल्ह्यातले, शिक्षकांच्या घरातले. भेट झाली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९५९ साली दोघं डॉक्टर झाले तेव्हा वर्गात पहिला नंबर होता मेबल यांचा. राज दुसरे.

आता हसू नका, पण हे इथे मुद्दाम सांगतोय. बायकोचं पॅकेज आपल्यापेक्षा जास्त आहे हे मित्रांना सांगताना आजही कितीतरी नवऱ्यांचा आवाज अर्ध्या पट्टीनं खाली येतो. ही तर साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डॉक्टर नवऱ्याची डॉक्टर बायको म्हणजे बहुतेक ठिकाणी दवाखान्याच्या पाटीवरचं खालचं नाव.

जामखेडच्या कामावर या जोडप्यानं जे लिहिलं, ते काढून बघा. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ‘हेल्थ बाय द पीपल’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. लेखक : मेबल आरोळे आणि रजनीकांत आरोळे. १९९४ मध्ये ‘जामखेड’ हे त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं. तिथेही क्रम तोच, आधी मेबल. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं ‘एम’ ‘आर’च्या आधी येतो, हे कबूल. पण हा क्रम बदलायला कुठलाही नवरा एखादं कारण शोधू शकला असता. राज यांनी शोधलं नाही. १९७९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला.

परतीचं तिकीट

लग्नानंतर १९६२ ते १९६६ ही वर्षं दोघांनी नगर जिल्ह्यातच, वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काढली. रात्रंदिवस काम. पेशंट बरे होऊन जात होते. आणि तेच पेशंट पुन्हा येत होते! जुलाबानं सुकलेलं मूल सलाइन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं, तिथे ते त्याच विहिरीचं पाणी प्यायचं आणि महिन्याभरात परत दाखल. आपण फक्त गळतीखाली बादली ठेवतोय, छपराला हात कुणीच लावत नाहीये, हे दोघांच्या लक्षात आलं.

मग अमेरिका. फुलब्राइट शिष्यवृत्ती, क्लीव्हलँडच्या हॉस्पिटलांत प्रशिक्षण (राज सर्जरीत, मेबल मेडिसिनमध्ये), आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. तिथे कार्ल टेलर यांच्यासारखा गुरू मिळाला. हे सगळं हातात असलेल्या भारतीय डॉक्टर जोडप्यापुढे तेव्हा कुठला रस्ता उघडा होता, हे सांगायला नको. तुमच्या ओळखीत असे दोन-तीन काका-काकू नक्की असतील. त्यांचं छान चाललंय.

आरोळे १९७० मध्ये परत आले. आणि आले ते थेट जामखेडला.

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं दक्षिण टोक. पलीकडे बीड, वर बालाघाटचे डोंगर. पावसाची कायम मारामार. ज्वारीवर जगायचं, नाहीतर ऊस तोडायला बाहेर पडायचं. गावातल्या पुढाऱ्यांनी या जोडप्याला जागा दिली ती जनावरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याची. तिथे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ सुरू झाला. नाव लांबलचक आहे, म्हणून जगभर त्याला नुसतं ‘जामखेड’ म्हणतात. एका माणसाचं नाव गावाला मिळणं आपण पुष्कळदा बघतो. इथे गावाचंच नाव कामाला मिळालं.

आधी व्हॉलीबॉल, मग औषध

राज याच जिल्ह्यातले. इथली भाषा, इथला दुष्काळ, कोण कुणाच्या ओट्यावर बसतं आणि कोण बसत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण जिल्ह्यातला असणं वेगळं आणि गावानं आपला मानणं वेगळं. कोट घालून आरोग्यावर व्याख्यान दिलं असतं, तर लोक ऐकून, नमस्कार करून घरी गेले असते.

मग त्यांनी काय केलं? संध्याकाळी गावातल्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात केली. ऐकायला गंमत वाटते, पण विचार करा. मैदानात चेंडू कुठल्या जातीच्या हाताला लागून आला, हे बघत बसलं तर पॉइंट जातो. एका बाजूला खेळणारी पोरं मग एका सतरंजीवर बसून बोलायला लागली. त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. पाणी, बियाणं, झाडं, जनावरं असे विषय निघायला लागले. आजार हा त्यातलाच एक विषय झाला.

तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते सुकडी आणि मिलोच्या आठवणी सांगतील. आरोळ्यांनी गावागावांत मुलांसाठी अन्नछत्रं चालवली, बोअर घेतले. आणि हातपंप बसवले ते दलित वस्त्यांत. एरवी या वस्तीतल्या बाईला गावच्या विहिरीवर दुरून हात पसरून उभं राहावं लागे. आता अख्ख्या गावाला पाण्यासाठी तिच्या दारात यावं लागलं. यावर भाषण नाही, मोर्चा नाही. तहान लागली की माणूस येतोच!

कुष्ठरोग्यांच्या बाबतीतही तेच. त्यांच्यासाठी गावाबाहेर वेगळी वसाहत काढली नाही. बाकीच्या पेशंटांच्या शेजारचीच खाट त्यांना दिली.

डॉक्टरकी वाटून टाकली

जामखेडचं नाव झालं ते मात्र पुढच्या गोष्टीमुळे.

सुरुवातीचा प्लॅन सरळ होता. गावात शिकलेल्या नर्स ठेवायच्या. तो साफ फसला. शहरात शिकलेली नर्स खेड्यात टिकेना, आणि टिकली तरी गावातल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करेनात. तेव्हा एका सरपंचानंच सुचवलं, की आमच्याच गावातली एखादी बाई घ्या ना.

गावांनी ज्या बायका पाठवल्या त्यातल्या बहुतेक निरक्षर. बऱ्याच दलित. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा. म्हणजे गावाच्या हिशेबात ज्यांच्या वेळेची काही किंमत नव्हती अशा. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र स्वयंपाक करायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. वही-पेन नाही. गाणी, गोष्टी, स्वतःच्या घरात काय घडलं त्याच्या आठवणी, असा अभ्यासक्रम. गरोदर बाईनं पोटभर खायचं, कारण बाळ मोठं होईल म्हणून तिला अर्धपोटी ठेवणं चूक आहे. जुलाब झालेल्या मुलाचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. नाळ कापायला विळा नको, उकळलेलं पातं हवं. रातांधळेपणा, खरूज, क्षय कसा ओळखायचा. आणि कुठल्या क्षणी आपलं थांबवून पेशंटला जामखेडच्या दवाखान्यात न्यायचं.

वाचताना वाटतं, एवढंच? हो, एवढंच. ‘एवढंच’ न झाल्यामुळे १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं पहिल्या वाढदिवसाच्या आधी जात होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला आणि १९९० च्या दशकात तिशीच्या खाली. आठ गावांपासून सुरू झालेलं काम तीस गावांत गेलं, मग सत्तर. १९७८ मध्ये अल्मा-आटाला जगातल्या देशांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हटलं, तेव्हा ज्या मोजक्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जात होतं त्यात आपलं हे जामखेड होतं.

यात राज यांच्यातल्या नवऱ्याचा काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे. सर्जन माणसाला आपलं कौशल्य जपून ठेवायची सवय असते. आपल्या ऑफिसातही बघा ना. एखादी फाइल, एखादा क्लायंट, एखादा पासवर्ड फक्त आपल्याकडेच असावा, म्हणजे अप्रेझलला अडचण नाही! इथे मात्र दोन डॉक्टर स्वतःची गरज कमी करत चालले होते. आणि ज्या माणसानं घरात बायकोला बरोबरीची जागा दिलेली असते, त्याला शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या हातात स्टेथोस्कोप देताना फार जड जात नसावं. सुरुवात घरातून झाली होती, असं मला तरी वाटतं.

त्या बायकांसाठी यातून काय बदललं? नवरा गेला, की बाई कोपऱ्यात जायची. सणाला नको, बारशाला नको, समोर आली तर अपशकुन. तीच बाई आता मध्यरात्री कंदील घेऊन बाळंतपणाला निघाली, आणि बोलावणं यायचं पाटलाच्या घरून. १९८८ साली त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की या सभागृहातली झुंबरं सुंदर आहेत, पण महाग आहेत. आमची पणती साधी आहे, ती एका घरातून दुसऱ्या घरात नेता येते आणि तिच्यावरून दुसरी पणतीही लावता येते.

शेवटची बारा वर्षं

१९९० च्या दशकात मेबल काही काळ काठमांडूला युनिसेफच्या सल्लागार होत्या. लाँग डिस्टन्स संसार आपल्या पिढीनं शोधून काढलेला नाही, एवढं यावरून कळावं. सप्टेंबर १९९९ मध्ये त्या गेल्या.

सगळी कामं ज्यांनी जोडीनं केली, त्यांच्यातला एक उरतो तेव्हा काय होतं? घरातली रिकामी खुर्ची सगळ्यांनाच दिसते. इथे तर दवाखान्यात, प्रशिक्षणाच्या खोलीत, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, सगळीकडे शेजारची जागा रिकामी. राज तेव्हा ६५ वर्षांचे होते. निवृत्त व्हायला वय अगदी योग्य होतं. ते थांबले नाहीत. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांना बरोबर घेऊन काम चालू राहिलं. देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला येत राहिले आणि त्यांना शिकवायला बसत त्या गावातल्याच आरोग्यसेविका.

२००५ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं आणि गावोगाव ‘आशा’ कार्यकर्ती आली. आपल्याच गावातली बाई आरोग्याचा पहिला दुवा, ही त्यातली कल्पना जामखेडच्या मातीत आधीच रुजलेली. या योजनेला मार्गदर्शन करणाऱ्या राष्ट्रीय गटात राज होते. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनपत्रिकेत एक अभ्यास छापून आला. जामखेडच्या कामातली गावं आणि आसपासची इतर गावं यांची त्यात तुलना होती. पहिला महिना ओलांडलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका कामातल्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. कामाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि फरक टिकून होता.

मे २०११ मध्ये राज गेले.

नगर जिल्ह्यात नवऱ्याच्या आठवणींची एक फार मोठी परंपरा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा संसार याच भागात, नगर-राहुरीला झाला. १९१९ मध्ये ते गेले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात तिचे चार भाग आले. विक्षिप्त, प्रेमळ, हातात पैसा न टिकणारा तो नवरा आज आपल्याला माहीत आहे तो बायकोनं लिहिलं म्हणून. रजनीकांत आरोळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. आठवणी लिहायला बायको उरली नव्हती, ती बारा वर्षं आधीच पुढे गेली होती.

मग त्यांची आठवण कोण ठेवतं? ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं, त्या. त्यांच्या आठवणी पुस्तकात नाहीत, हातांत आहेत. नवी सेविका जुनीकडून नाळ बांधायला शिकते, तेव्हा त्या गाठीत वेल्लोरच्या वर्गातले पहिला आणि दुसरा नंबर दोघंही असतात.

आपल्या एक्सेल शीटसाठी

हे सगळं वाचून कुणी उद्या राजीनामा देऊन खेड्यात जावं, असं मुळीच सुचवायचं नाहीये. होम लोन आहे, मुलांच्या शाळा आहेत, आपल्या मर्यादा आहेत. पण लग्नाआधीच्या त्या कॉफीच्या टेबलावर एक-दोन प्रश्न वाढवायला काय हरकत आहे?

एक, आपण दोघांनी मिळून करायची अशी, घर आणि मुलं सोडून, एखादी गोष्ट आहे का? फार मोठी नको. सोसायटीतल्या कामवाल्या मावशींच्या मुलांना रविवारी गणित शिकवणं चालेल. गावच्या शाळेसाठी दरवर्षी आठ दिवस देणं चालेल.

दोन, जोडीदार पुढे गेला तर आपला आवाज किती पट्टी खाली येतो, हे आत्ताच तपासून घ्यायचं का?

आणि तीन, हा जरा अवघड आहे. आपण नसताना आपल्याबद्दल कोण बोलेल? ऑफिसचा फेअरवेल ईमेल सोडून द्या, तो टेम्प्लेट असतो. आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या भाजीवालीला, गावाकडच्या शेजाऱ्यांना आपलं नाव तरी माहीत आहे का?

जामखेडला जाणार असाल तर...

● पुण्याहून नगर, आणि नगरहून सुमारे ७५ किलोमीटरवर जामखेड. आरोळ्यांचा प्रकल्प गावातच आहे आणि आजही सुरू आहे. पण तो चालता दवाखाना आहे, पिकनिक स्पॉट नाही. आधी कळवून, परवानगी घेऊन जा आणि पेशंटांचे फोटो काढू नका.

● तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. १७२५ साली इथे जन्मलेल्या या मुलीनं नवरा गेल्यानंतर पुढे अख्खं राज्य चालवलं, हे तिथे उभं राहून आठवणं वेगळंच.

● खर्ड्याला भुईकोट किल्ला आहे. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यातली प्रसिद्ध लढाई याच परिसरात झाली.

● पावसाळ्यात गेलात तर शेजारच्या बीड जिल्ह्यातला सौताड्याचा धबधबा बघा. एरवी कोरड्या असलेल्या या मुलखात विंचरणा नदी कशी कोसळते, ते बघून मग १९७२ च्या हातपंपांची किंमत जास्त कळते.